दुसरीच्या नावाचा आशीर्वाद

तुम्हाला कधी कुणी दुसरीच्या नावानं हाक मारली, आणि तुम्ही मुद्दाम 'ओ' दिलीत, असं झालंय का? माझ्याकडून झालं. गेल्या एप्रिलमधली गोष्ट आहे. आज पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

आमच्या शिरूरच्या चर्चच्या मंडळीत मी जन्मापासून आहे. वीस वर्षं रविवारी लहान मुलांना शिकवते. आणि अकरा वर्षं एकच प्रार्थना करते, माझ्या नवऱ्याची, सतीशची, दारू सुटू दे. ती सुटली नाही.

अनुपमा तीन वर्षांपूर्वी मंडळीत आली. त्याआधी तिच्या तोंडाला गल्ली भ्यायची. नळावर भांडली की दुसरीची कळशी उचलून गटारात टाकायची. ती बाई बदलली. आजाऱ्यांचं करू लागली, आवाज खाली आला, आणि सहा महिन्यांत तिच्या नवऱ्यानं बाटली सोडली. चर्चमध्ये उभं राहून तिनं साक्ष दिली तेव्हा सगळे रडले. मीही रडले. माझं रडणं वेगळं होतं, ते देवाला आणि मलाच ठाऊक.

कवठे येमाईला आमच्यातल्या एक म्हाताऱ्या आहेत, तानुबाई. साखरेच्या आजारानं डोळे गेलेले, अंथरुणाला खिळलेल्या. अनुपमा दर बुधवारी जाऊन त्यांचं अंग पुसायची, केस धुवायची. मग तानुबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. त्या हाताच्या प्रार्थनेनंच तिच्या नवऱ्याची सुटली, असं मंडळीत सगळे म्हणत. त्या बुधवारी अनुपमा तापानं फणफणून दौंडला आईकडे गेली होती. म्हणून पाळकबाईंनी मला पाठवलं.

"सुवर्णाताई, अनुपमासारखं नाही जमलं तरी जमेल तसं करा हं," त्या हसून म्हणाल्या.

एसटीत सगळा रस्ताभर मी ते एकच वाक्य चघळत होते.

पोचले तेव्हा भर दुपार होती. तानुबाईंचा मुलगा हौसराव कांदा भरायला रानात निघाला होता. "तुम्ही येनार ते आईला सांगितलं न्हाई," तो डोक्याला टॉवेल गुंडाळत म्हणाला. "तिला अनुपमाच लागती बघा." आणि गेला.

मी आत शिरून कडी लावली. पत्र्याचं घर. उन्हासाठी खिडक्याही बंद, त्यामुळे आत दिवसाढवळ्या अंधार. कांद्याचा, औषधाचा आणि ओल्या गोधडीचा वास. तापलेला पत्रा मधूनच कट् कट् वाजत होता.

"अनुपमा... आलीस व्हय बाय?"

माझं नाव ओठांवर आलं होतं. पण त्या हाकेत इतकी माया होती... मला तशी हाक कधी कुणी मारली नव्हती. आईनंसुद्धा नाही.

"हो आजी, आले," मी म्हणाले.

आंधळ्या बापाला फसवून धाकट्यानं थोरल्याचा आशीर्वाद लाटला, ही बायबलमधली गोष्ट मी दर वर्षी मुलांना शिकवते. "असं करू नये," असं त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेते. तरी मी तेच केलं.

मी त्यांचे केस धुतले, तेल लावलं, वेणी घातली. मनापासून केलं, हे खोटं नाही.

"आज तुजा हात जड लागतोय."

"ताप आहे ना, आजी."

"मग बस हितं. डोकं वाकव."

त्यांनी हात ठेवला. अनुपमाचं नाव घेऊन प्रभूचे उपकार मानू लागल्या. तिच्या नवऱ्यासाठी, तिच्या पोरांसाठी. मी डोळे मिटून वाट पाहत होते. आता काहीतरी आत उतरेल... काहीच उतरलं नाही. तो हात डोक्यावर लाकडाच्या फळीसारखा होता.

मध्येच त्या थांबल्या.

"तुज्यामागं कोन उभी हाय गं?"

"कुणी नाही, आजी."

"हाय की. मगापासनं रडतीया."

पत्र्याचा आवाज थांबला होता. आणि त्या शांततेत मला ऐकू आला, माझ्या मानेमागे, अगदी जवळ... दाबून धरलेला हुंदका. मला वळायचं होतं. मान वळेना.

"कोन बाय तू? नाव काय तुजं?" तानुबाईंनी हळूच विचारलं.

"सुवर्णा," मागून उत्तर आलं.

आवाज माझा होता.

तानुबाईंनी माझ्या डोक्यावरचा हात उचलला. तो माझ्या खांद्यावरून मागे गेला आणि हवेत थांबला, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. त्यांची बोटं हलत होती. कुणाच्या तरी केसांतून फिरावीत तशी.

"रडू नगं लेकरा. लई वरसं मागतीस न्हवं? देवानं ऐकलंय. तुज्या घरधन्याचं सुटंल... आन् तुजं जळतंय ते मनबी निवंल."

ते माझं आहे, आजी! सुवर्णा मी आहे! मला ओरडायचं होतं. जीभ टाळूला चिकटली होती.

"आमेन," तानुबाई म्हणाल्या.

"आमेन," मागून आलं. माझ्या तोंडून नाही.

मग दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला. जमिनीवर उन्हाची पट्टी पडली. मी वळले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि अंगणात कुणीच नव्हतं.

"गेली व्हय?" तानुबाई उशीवर टेकत म्हणाल्या. "बिचारी गुणाची होती."

पाचच्या एसटीनं मी शिरूरला परत आले. सतीश रात्री नेहमीसारखाच पिऊन आला आणि बूट न काढता झोपला. मी जागीच होते. अनुपमाला सगळं सांगायचं, तिची माफी मागायची, एवढं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी दौंडला गेले. अनुपमानंच दार उघडलं. ताप उतरला होता. मी तोंड उघडायच्या आत ती हसली.

"अहो ताई, पुन्हा कशाला आलात एवढ्या लांब? काल संध्याकाळी किती रडलात माझ्याजवळ! मी तेव्हाच माफ केलं की. आणि सतीशदादांनी सोडली म्हणालात, ते ऐकून तर माझा तापच पळाला." मग तिनं दाराच्या कडेला बोट दाखवलं. "पण अनवाणी गेलात तुम्ही. मी मागून हाका मारत होते. ह्या न्यायला आलात ना?"

उंबऱ्यालगत माझ्या चपला होत्या. डावीचा अंगठा गेल्या आठवड्यात मी चांभाराकडून लाल दोऱ्यानं शिवून घेतला होता, तो टाकासुद्धा तसाच.

मी खाली पाहिलं. माझ्या चपला माझ्या पायांतच होत्या.