मोगरीचं रेडकू

दुधात पाणी घातलेलं मला जिभेवर न ठेवता कळतं. पाटोद्याच्या अलीकडे सात किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या दूध संकलन केंद्रावर गेली चार वर्षं मी यंत्रावर बसते. कॅन येतं, मी नमुना घेते, यंत्र फॅट दाखवतं आणि मी ते तोंडावर सांगते, त्यामुळे गावात माझं फारसं कुणाशी पटत नाही. "बारावी सायन्स झालेली सून म्हंजी घरात पोलीस ठिवल्यावानी," असं माझी सासू रुक्मिणीबाई चारचौघींत म्हणते. मलाही ते ऐकायला आवडतं.

हे एवढ्यासाठीच सांगितलं, की पुढचं ऐकून कुणी मला अंगात येणारी बाई समजू नये.

दिवाळी झाली आणि माझा नवरा बजरंग ऊसतोडीला गेला. घरात राहिलो मी, सासू, नऊ महिन्यांची चिऊ आणि नुकतीच व्यालेली मोगरी म्हैस. त्यातच मला टायफॉइड झाला आणि अंगावरचं दूध आटलं. डब्यातली पावडर चिऊ थुंकून टाकायची. केंद्रावरचं गावभराचं मिसळलेलं दूध पाजलं की तिला हागवण लागायची. मोगरीचं दूध मात्र पाणी घालून उकळून दिलं की मानवायचं. माझी पोर त्या एका म्हशीवर जगत होती.

जानेवारीत मोगरीचं रेडकू पोट फुगून मेलं. दोन महिन्यांचं होतं.

आमच्याकडे धार काढायच्या आधी रेडकू सडाला लावतात. ते चार घोट ओढतं, म्हशीला पान्हा सुटतो, मग त्याला ओढून बाजूला बांधायचं. रेडकू गेल्यावर मोगरीने पान्हा चोरला. कास तट्ट फुगलेली आणि बादलीत ओंजळभर दूध. इंजेक्शन मिळतं, पण त्या इंजेक्शनचं दूध मी केंद्रावर घेत नाही, ते पोटच्या पोरीला कसं पाजणार? तो अख्खा दिवस चिऊ भातावरच्या पाण्यावर राहिली. तिचं रडणं ऐकून माझ्या जिवाचं पाणी होत होतं.

"नबीभाईला बोलीव," सासू म्हणाली. "कातडं कमावून दिल. भुसा भरून म्हशीम्होरं उभं करायचं. आमच्या टायमाला असंच करायचे."

नबीचाचा पाटोद्यात हलगीसाठी शेळीची कातडी कमावतात. सत्तरीचे, हात कोपरापर्यंत बाभळीच्या सालीने तांबूस झालेले. ते मोपेडवर आले, गोठ्यामागे रेडकू सोलून कातडं मिठात गुंडाळून घेऊन गेले. केस तसेच ठेवायचे होते, म्हणून चुन्यात घालायचं काम नव्हतं. मीठ, तुरटी आणि आतून सालीचा काढा. तेवढे दिवस चिऊला ओंजळभर दूध आणि भाताच्या पाण्यावर काढायला लावले. पाचव्या दिवशी मी आणायला गेले तर रेडकू त्यांच्या अंगणात चार बांबूंच्या पायांवर उभं होतं. पोटात कडब्याची कुट्टी ठासलेली. तोंड मात्र मेण लावलेल्या जाड दोऱ्याने बारीक टाके घालून शिवून टाकलेलं.

"म्हशीला चाटू द्या," चाचा म्हणाले. "धार झाली की उचलून बाजूला ठिवा. आन हे तोंड उसवू नका."

"कावून?"

"माझे अब्बा शिवायचे. मी शिवतो." एवढं बोलून त्यांनी रेडकू माझ्या स्कूटीवर बांधलं.

मोगरीने त्याला हुंगलं, एकदा चाटलं आणि मान फिरवली. सासू म्हणाली, सडाला लाव. मी तोंड सडाला टेकवलं तर टाक्यांची गाठ रुतली आणि तिने अशी लाथ मारली की बादली भिंतीवर आदळली. तीनदा तेच झालं. घरात चिऊ रडून रडून घोगरी झालेली. मला सांगा, अशा वेळी कुठली आई म्हातारबाबांचं ऐकत बसेल? मी ब्लेड आणलं आणि सगळे टाके कापले. आतला ओठ मऊ होता. त्यावर मोगरीचंच दूध चोळलं आणि तोंड सडाला लावलं.

मोगरीने डोळे मिटले. कास थरथरली आणि पान्हा सुटला. साडेतीन लिटर! सासूने देवाला हात जोडले आणि मी मनात विज्ञानाला जोडले.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. चिऊ पोटभर पिऊन झोपायची. रेडकाचं तोंड सकाळी ओलं असायचं, पण म्हैस चाटणारच, त्यात काय.

घरचं दूधही मी यंत्रात घालून बघते, ही माझी खोड. मोगरीची फॅट सातच्या खाली कधी गेली नव्हती. नवव्या दिवशी सहा लागली. बाराव्याला पाच. पंधराव्याला चार पूर्णांक एक. पाणी नव्हतं, यंत्र तेही सांगतं. दुधाचा धंदा करणाऱ्याला याचा अर्थ शिकवावा लागत नाही. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, सगळी साय शेवटच्या दुधात उतरते. कुणीतरी ते शेवटचं दूध पीत होतं.

मी सासूवर घसरले. "आत्या, खरं सांगा, धार नीट निपटून काढता का कुणासाठी मागं ठेवता?"

"माझ्या नातीच्या तोंडचं काढून मी कुनाला देईन, मंजे? जीभ झडंल तुजी!" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी गोठ्याला कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली आणि दोन्ही वेळच्या धारा स्वतः काढायला लागले. सड पार पिळून काढायचे. फॅट तीन पूर्णांक आठ.

धार झाली की रेडकू उचलून मी पलीकडच्या भिंतीला टेकवायचे. एका सकाळी ते उचलताना कंबरेत कळ आली. पहिल्या दिवशी मी ते एका हाताने आणलं होतं. केंद्रावरचा कॅनचा काटा घरी आणला आणि त्यावर ते उभं केलं. चौदा किलो. नबीचाचांनी दिलं तेव्हा नऊ किलो होतं, स्कूटीवर बांधताना त्यांनीच सांगितलेलं. कुट्टीने ओल धरली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण कातडं कोरडं होतं. कानामागचे केस नवे, चमकदार.

त्याच दिवशी अंगणवाडीत चिऊचं वजन होतं. अंगणवाडीताई सुरेखाने काटा दोनदा पाहिला. "ताई, मागच्या महिन्यात सात किलो चारशे होती. आता सहा सातशे. दूध पीत न्हाई का?"

"बाटली चाटूनपुसून संपवते."

"मग?"

मग काय, ते मला तरी कुठे ठाऊक होतं! साय नसलेल्या दुधाने बाळ अंग धरत नाही, हे मी तिला सांगितलं. ते खरंही होतं. पण दुसऱ्या दिवशी धारेच्या आधीच मी गोठ्यात गेले.

रेडकू घरात आणून कोंडून पाहिलं. मोगरीने एक थेंब दिला नाही, उलट दिवसभर हंबरून दावं तोडलं. संध्याकाळी भुकेने चिऊचा आवाज बसला, तेव्हा मीच ते परत गोठ्यात नेऊन ठेवलं. दरवाजाच्या फटीतून तासभर पाहिलं. ते भिंतीला टेकून उभं होतं, मुळीच हललं नाही. मोगरी मात्र मान वळवून एकटक त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या घशातून तो आवाज येत होता जो म्हैस फक्त पिणाऱ्या रेडकासाठी काढते.

त्याच्या दुसऱ्या सकाळी रेडकू पोत्यात घालून स्कूटीवर पुढे ठेवलं. चिऊ आणि गोठ्याची किल्ली सासूपाशी दिली आणि पाटोदा गाठलं. वाटेत खड्डे आले की पोतं माझ्या गुडघ्यांवर दबायचं. ते कोमट लागत होतं. उन्हाने असेल, असं म्हणावं तर अजून ऊन चढलं नव्हतं.

नबीचाचांनी पोतं सोडलं. त्यांची नजर आधी तोंडावर गेली.

"कवा उसवलं?"

"पहिल्याच दिवशी."

"किती दिस झाले?"

"एकवीस."

त्यांनी रेडकू आडवं केलं. सुरीने पोटाची शिवण बोटभर उसवली, आत दोन बोटं घातली आणि तशीच थांबले. मग हळूच बोटं काढली, रांजणाजवळ गेले आणि साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले.

"चाचा, आत काय आहे?"

"मी कुट्टी भरलती," ते म्हणाले. "कुट्टी न्हाई ह्यात."

"मग काय आहे?"

त्यांनी हात सदऱ्याला पुसले. रेडकावर पोतं टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आता म्हशीम्होरं काय हाय, पोरी?"

"काही नाही. धार राहिलीय अजून."

"आन बाळ कुनापाशी हाय?"

मी स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही.

अंगणात सासू बादली घेऊन उभी होती. बादली काठोकाठ भरलेली, वर फेस. तिचा चेहरा उजळलेला.

"मंजे, बघ! तू ते घिऊन गेलीस आन म्हैस हंबरायला लागली, पोर रडायला लागली. मला सुचलं, पोरीलाच म्हशीम्होरं धरावं. ल्हान जीव हाय, वास आला की सोडंल पान्हा. धरली, आन सोडला की गं!"

"चिऊ कुठंय?"

"गव्हाणीत ठिवली. म्हैस लई मायेनं चाटतीय."

मी गोठ्यात धावले.

मोगरी घशातून तोच आवाज काढत होती. गव्हाणीत चिऊ आडवी होती. केस चाटून चाटून एका बाजूला बसवलेले. अंग कोरडं, गरम. ती हसत होती.

मी तिला उचललं. "चिऊ, ए माझी बाय!" ती हसत होती. मी तिला छातीशी धरलं तशी कुट्टी दाबल्यासारखी खसखस झाली; गव्हाणीतला चारा चिकटला असेल. मी तिचे मुके घेतले आणि रडले. देवा, मिळाली माझी पोर, असं मोठ्याने म्हणाले.

मग तिला नीट पाहावं म्हणून बाहेर उन्हात आणलं.

गोठ्यातली एक माशी मागोमाग आली. ती चिऊच्या गालावर बसली, तिथून वर चढली आणि तिच्या उघड्या डोळ्यावर बसली. बुबुळाच्या मधोमध. पाय चोळत राहिली.

चिऊने पापणी लववली नाही. ती माझ्याकडे पाहून हसत होती.