इनोकेच्या बेटाचा रस्ता

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. सालेसी माझा सख्खा मेहुणा आहे आणि असलं काही रचून सांगायची अक्कल त्याला नाही.

जागा नेइआफूच्या टेकडीवरचं टेलिफोन केंद्र. वेळ रविवारची, भर दुपारची. आमच्या टोंगात रविवारी कुणी कुदळसुद्धा उचलत नाही. या केंद्रात नोकरीला असलेला सालेसी मात्र राउटरचा तक्ता नीट लावायला निघाला. रविवारी वापर कमी असतो म्हणे.

"देवाला सुट्टी असते, तुझ्या मशीनला नसते का?" माझी बहीण, म्हणजे त्याची बायको मेलेआने, म्हणाली. "जमिनीतली उमूची चूल उघडायच्या आत ये. नाहीतर तुझा वाटा डुकराला घालीन."

तक्ता म्हणजे कुठला निरोप कुठल्या वाटेने जायचा, याच्या ओळी. त्यातली एक ओळ निकामी होती. त्सुनामीच्या लाटेत उजाड झालेल्या एका बेटाची. तिथलं केंद्र सांभाळणारा इनोके सालेसीचा जिवलग. लोकांचे निरोप जावेत म्हणून तो शेवटपर्यंत मशीनपाशी बसून राहिला. त्याचं प्रेतही सापडलं नाही.

ओळ पुसताना सालेसीला वाईट वाटलं. पण पुसली.

टक्...

दाराचं कुलूप लागलं. त्याने कार्ड लावलं. लाल दिवा.

कुलपाची परवानगी राजधानीतून यायची. त्या वाटेला त्याने हातही लावला नव्हता. बदल फसला तर मशीनने आपोआप जुन्या तक्त्यावर यावं, अशी सोय आधी करून ठेवायची असते. घाईत तीही राहिली होती. त्याने मशीनला विचारलं, परवानगी कुठून येते?

उत्तर आलं... इनोकेच्या बेटावरून.

पुढचा टप्पा? तेच बेट.

त्यापुढचा? तेच...

गार हवेचं यंत्र थांबलं. खोलीला खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही. त्याने दार बडवलं, घसा फोडून ओरडला. खाली चर्चमध्ये अख्खं गाव गात होतं, त्याचं कोण ऐकणार? श्वास जड झाला. आपण इथेच मरणार, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

उचलला. आधी नुसता पाण्याचा आवाज...

"सालेसी," इनोके म्हणाला, "मलाही बाहेर पडता येत नाही रे. वाट तूच पुसलीस."

सालेसीने ती ओळ परत लिहिली. हिरवा दिवा लागला.

ती ओळ अजून तिथेच आहे. तिला कुणी हात लावत नाही. सालेसीने नोकरी सोडली, पण त्याच्या घरी येणारा प्रत्येक निरोप आधी त्या बेटावर जातो, असं तो सांगतो. मी हसायचो.

काल हे सगळं लिहून मी आधी त्यालाच पाठवलं, वाचून बघ म्हणून. वाचल्याची खूण लगेच आली.

सालेसी म्हणतो, त्याला काही मिळालंच नाही...