तिपेडी

मांडव्याला बोटीतून उतरून मी किहीमला पोचले, तेव्हा देवदत्त सर ओटीवर बसून सदऱ्याची बटणं लावत होते. वर्षभरापूर्वी कंपवातामुळे त्यांना चहाचा कपही धरता येत नव्हता. आमच्या प्रयोगात त्यांच्या मेंदूत मूळपेशींपासून वाढवलेल्या चेतापेशी सोडल्या आणि या निवृत्त गणितशिक्षकाचे हात थाऱ्यावर आले. मी त्या प्रयोगातली डॉक्टर. रुग्णांना घरी जाऊन तपासणं माझ्याकडे होतं.

“हात उत्तम आहेत,” मी म्हणाले.

“जेवणानंतर बघा,” त्यांच्या पत्नी आनंदीबाई हळूच म्हणाल्या.

दुपारी सर आरामखुर्चीत टेकले. वाडीत झावळ्यांची सळसळ तेवढी होती. त्यांचे हात वर आले. बोटांनी हवेतच तीन पेड वेगळे केले, एकमेकांवर टाकले, ओढून घट्ट केले. परत तेच, थोडं खाली.

“वेणी घालतात,” आनंदीबाई म्हणाल्या. “आम्हाला मुलगी नाही. माझ्या केसांनाही यांनी कधी हात लावला नाही.”

“मी करत नाही, होतं,” सर म्हणाले. “पण कंप नाही ना? मग हे काढून घेऊ नका, डॉक्टर.”

पुढच्याच आठवड्यात म्हसळ्याहून जीवनचा फोन आला. त्याच्या आईला, सत्यवतीबाईंना, तोच आजार होता. प्रयोगशाळेत सरांच्या पेशी ज्या काचेच्या बशीत वाढवल्या, त्याच बशीतल्या पेशी त्यांनाही दिल्या होत्या. “आईची मान मागं खेचली जाते,” तो म्हणाला.

मी गेले. सत्यवतीबाई दारात बसल्या होत्या. ऑपरेशनसाठी काढलेले केस जेमतेम बोटभर वाढले होते. दुपार कलली आणि त्यांचं डोकं बारीक हिसक्यानं मागं गेलं. पुन्हा गेलं.

“कुनीतरी वेनी घालतंय,” त्या डोळे मिटून म्हणाल्या. “दुखत न्हाय, बाय.”

मी किहीमला व्हिडिओ कॉल लावला. आनंदीबाईंनी फोन सरांच्या हातांसमोर धरला. तिकडे पेड ओढला की इकडे मान हलत होती. सर खोकायला थांबले. मानही थांबली.

मी वरिष्ठांना कळवलं. “योगायोग,” ते म्हणाले. “आणि पेशी आता काढता येत नाहीत.”

पावसाळा सरला. मी तपासणीसाठी म्हसळ्याला पोचतच होते, तेवढ्यात आनंदीबाईंचा फोन आला. सर पहाटे झोपेतच गेले होते. मुलगा परदेशातून येईपर्यंत त्यांना बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं.

मी आनंदीबाईंना धीर दिला. पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. सत्यवतीबाईंची मान आता मोकळी झाली असणार.

त्या दारातच होत्या. मी शेजारी बसले. दुपार कलली.

डोकं मागं गेलं.

पुन्हा गेलं. सावकाश.



“आज हलू घालतोय,” सत्यवतीबाई पुटपुटल्या आणि त्यांनी पदर मानेभोवती ओढून घेतला. “हात लई गार हायेत त्याचे.”