शपथेचा हात

फ्रँकफुर्टच्या मोठ्या चर्चमागे सरपणाच्या ढिगात मुडदा सापडला, तेव्हा आत सम्राटाच्या निवडणुकीची घंटा वाजत होती.

अंगात नुसता सदरा. गळा आवळलेला. तळवे मऊ, बोटावर अंगठीचा पांढरा वळ. पहारेकऱ्यांचा नाईक वीगांट खाली वाकला.

"कोण रे हा?" नगराध्यक्ष सीफ्रीडनं विचारलं.

"मत द्यायला आलेला वकील दिसतो, साहेब. सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी दोघांनी स्वतः न येता आपल्या वतीनं वकील पाठवलेत, दोघेही इथे नवखे. अंगठी आणि कपडे चोरून कुणीतरी ह्याच्या जागी आत उभा आहे."

"म्हणजे खोटं मत पडणार! अरे, निवडणुकीत बिनबोलावलेला परका माणूस गावात सापडला तर शहराचे सगळे हक्क जातात. वेशीच्या किल्ल्या कुणाकडे होत्या?"

"माझ्याकडे."

"कुणाला आत घेतलंस?"

"कुणालाच नाही." वीगांटचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

काल संध्याकाळी त्यानं वेस किलकिली केली होती. बाहेर धाकटा भाऊ वोल्मार, मठातला साधू. "दादा, आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणे. एकदाच भेटू दे." सख्ख्या भावाला अडवणार तरी कसं?

वीगांट आधी घरी धावला. आई दारात कोबी चिरत बसलेली, चांगली ठणठणीत.

"वोल्मार आला होता का गं?"

"तो? वर्षं झाली, तोंड दाखवलं नाही मेल्यानं!"

वीगांट तसाच चर्चकडे धावत सुटला. देवा, काय करून बसलो मी!

तो चर्चमध्ये पोचला तेव्हा शपथा चालल्या होत्या. दारातून नुसत्या पाठी दिसत होत्या. सातांतल्या तिन्ही धर्मगुरूंनी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. मग उरलेल्या चार गृहस्थांची पाळी. पहिल्या दोघांनी उघड्या बायबलवर हात ठेवला. तिसरा, कानटोपीवाला वकील, डोक्याला जखम आहे म्हणून टोपी न काढताच पुढे झाला. त्याचा हात छातीवर गेला, दचकला आणि घाईनं ग्रंथावर आला.

"थांबा!" वीगांट ओरडला.

"वेड लागलं का तुला?" सीफ्रीड खेकसला.

"साहेब, शपथ घेताना धर्मगुरू ग्रंथाला शिवत नाहीत, हात छातीवर ठेवतात. मठातही तोच रिवाज. गृहस्थानं ग्रंथावरच हात ठेवायचा. ह्याचा हात सवयीनं छातीवर गेला. हा वकील नव्हे, साधू आहे. डोक्याला जखम आहे म्हणून टोपी घातलीय ना? काढा ती."

टोपी निघाली. जखम कुठली! मठातल्या साधूंसारखी टाळू गुळगुळीत भादरलेली.

"आमच्या मठाधिपतींना दुसरा सम्राट हवा होता," वोल्मार पुटपुटला. थोरल्या भावाकडे त्यानं पाहिलं नाही.

"वेशीतून आत कुणी घेतलं तुला?" सीफ्रीडनं विचारलं.

भावाचं नाव काही वोल्मार घेईना. वीगांटला ते जास्तच लागलं. त्यानं कमरेच्या किल्ल्या सोडून वेदीसमोर ठेवल्या.

"मी घेतलं. माझा भाऊ आहे तो. मघाशी मी खोटं बोललो, साहेब. गुन्हा माझा, शहराचा नाही."

शिपायांनी दोघांनाही धरलं. दाराशी वीगांट अडला.

"एवढं ऐका, साहेब. आम्हाला घरावरून नेऊ नका. आई दारात बसलीय."