तांदळाएवढा तुकडा

अहेरीच्या बाजारात बाबूभाईची जीप ओळखत नाही असा माणूस नव्हता. तीस वर्षं त्यानं लाकडाचा ट्रक हाकला, त्या फेऱ्यांत गोंडी जिभेवर बसली. अक्षरं मात्र पन्नाशीत आली, साक्षरता वर्गात. पहिल्यांदा एसटीची पाटी वाचली त्या दिवशी त्यानं चौकात सगळ्यांना चहा पाजला होता.

म्हणूनच अठ्ठ्याण्णव साली नागपूरच्या डॉक्टर खापरे मॅडम आल्या, तेव्हा संमतीचा कागद वाचून गोंडीत समजावायचं काम त्याच्याकडे आलं. नागपूरचे डॉक्टर आणि दूर पश्चिमेकडच्या देशातली एक प्रयोगशाळा मिळून कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या मऊ गादीचा, अभ्यास करत होते. अहेरीच्या उत्तरेला जंगलात कोरेटोला आहे, तिथं तिशीतच माणसांचे गुडघे आखडत. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. नागपूरला नेऊन डाव्या गुडघ्यातला तांदळाएवढा तुकडा काढायचा आणि विमानानं तिकडे पाठवायचा, एवढंच काम.

कोरेटोल्यातल्या एका घरातले आठ जण निवडले होते. सोमारी त्यांतली सगळ्यांत म्हातारी. तिनं अंगठा दिला तरच बाकीचे सात जण देणार होते.

"भाऊ," तिनं विचारलं, "अंगातलं काढता, ते वापस येते का?"

ती हे का विचारते ते बाबूभाईला माहीत होतं. त्या गावात मेलेलं माणूस पुरं जावं लागतं, तेव्हाच त्याच्या नावाचा उभा दगड जमिनीत रुजतो. कागदावर आठवी ओळ होती: दिलेला नमुना परत मिळणार नाही. बाबूभाईनं ती बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचली. मॅडम घड्याळ बघत होत्या.

"येते," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत."

सोमारीनं डावा अंगठा शाईत बुडवला.

त्यानंतर कोरेटोल्याच्या रस्त्याचं भाडं आलं की बाबूभाई काहीतरी निमित्त काढून टाळायचा. अडाणी असतो तर सुटलो असतो, असं त्याच्या मनात यायचं.

चौथी दिवाळी गेली, उन्हाळा लागला. एका बाजारच्या दिवशी सोमारीचा मुलगा लालसू जीपपाशी येऊन उभा राहिला.

"माय गेली, बाबूभाई. महिना झाला."

बाबूभाईनं मान खाली घातली.

"दगड उभा नाई राहात. तीनदा गाडला, मांडीएवढा खोल. सकाळी पाहावं तं मावळतीकडे वाकलेला. गावातले हासतात, म्हणे बाबूभाईच्या जीपमधी बसून म्हातारी नमाज शिकली." लालसू स्वतःही हसला, मग थांबला. "तिचा तुकडा आणून द्या ना. तुमी दिवाळीचं बोलले होते."

दुसऱ्याच दिवशी बाबूभाई नागपूरला गेला. त्याला पाहून मॅडमना आनंद झाला.

"तुमच्या सोमारीबाईंनी कमाल केली हो. बाकीच्यांच्या पेशी केव्हाच थकल्या. यांच्या चार वर्षं वाढतायत." त्यांनी एक फोटो पुढे केला. राखाडी तंतू होते, सगळे एका अंगाला झुकलेले, वाऱ्यातल्या धानासारखे. "महिनाभरापासून हे नवीनच. तिकडचे लोक चक्रावलेत. काचेची तबकडी कशीही फिरवून ठेवा, सकाळी पुन्हा पूर्वेकडे."

"वापस आणता येईल, मॅडम?"

"नाही हो. कागदावर होतं ना. तुम्हीच तर वाचून दाखवलंत."

बाबूभाईनं त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली.

कोरेटोल्यात तो भर दुपारी पोचला. मोहाच्या झाडांखाली दगडांची ओळ होती. सगळे सरळ, एकच वाकलेला. बुडाशी माती भेगाळलेली नव्हती. तो दगड वाकडाच उगवला असावा, असं वाटत होतं.

बाबूभाईनं कागद उघडला. आठवी ओळ मोठ्यानं वाचली. मग गोंडीत सांगितली.

"तवा बी वाचली होती," तो म्हणाला. "तरी येते म्हणलो."

लालसू खाली बसून माती उकरू लागला. दोघांनी दगडाला हात लावला.

कट्.

सुकं हाड वाजावं तसं.

"तुमचा गुडघा वाजला," लालसू म्हणाला.

बाबूभाईनं तर पायही हलवला नव्हता.

दगड सरळ झाला. जोर लावावा लागला नाही.

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. पेशींचं झुकणं थांबलं होतं, आता चारी अंगांनी वाढत होत्या. बाबूभाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो चार दिवस कोरेटोल्याच्याही उत्तरेला, मूल गावी, लेकीकडे, नाहीदकडे राहून आला. नातवाला त्यानं दुकानांच्या पाट्या वाचून दाखवल्या.

तो परतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. लालसू जीपपाशी उभा होता.

"दगड कसा हाये?" बाबूभाईनं सीटवर बसूनच विचारलं.

"मावळतीले नाई वाकत आता."

"मंग झालं तं."

"अहेरीकडे वाकते." लालसूनं पाण्याचा घोट घेतला. "पण या हप्त्यात चार दिवस उलटा वाकला होता, मूलच्या बाजूले. काल पुन्हा इकडे. काऊन, ते समजून नाई राह्यलं." त्यानं बाबूभाईकडे पाहिलं. "तुमी कुठी गेलते का?"

"नाई," बाबूभाई म्हणाला. "इथीच होतो."

लालसूनं मान हलवली.

आणि बसल्या जागी, पाय तसूभरही हलला नसताना, बाबूभाईचा डावा गुडघा वाजला. कट्.