अर्धवट गोळा

कॉलेजच्या प्रयोगशाळेला शंभर वर्षं झाली म्हणून जुन्या निर्वात पंपांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, आणि नेहमीप्रमाणे ते लचांड तिथल्या तंत्रज्ञाच्या गळ्यात पडलं. निवृत्तीला चार महिने उरलेला, कंबर धरलेला माणूस. पण नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. त्याने एकेक धूड तळघरातून वर आणलं. कातडी वॉशरचा हातपंप, मग पाऱ्याचा काचेचा, मग मोटरवर चालणारा तेलाचा, आणि शेवटी पात्यांचा, जो इतका वेगात फिरतो की नुसती शीळ ऐकू येते.

पाऱ्याच्या पंपापाशी तो रेंगाळला. त्याच्या आधी इथे त्याचे वडील, अप्पा, तंत्रज्ञ होते. पाऱ्याने भरलेलं जड भांडं हाताने वर उचललं, की पारा चढून हवा बाहेर ढकलतो. खाली आणलं, की पंपाला जोडलेल्या काचेच्या गोळ्यातली उरलेली हवा रिकाम्या जागेत पसरते. की पुन्हा वर. दर खेपेला थोडीच हवा निघते, सगळी कधीच निघत नाही. अप्पांनी बारा वर्षं हेच केलं. मोटरचा पंप आला त्या दिवशी त्यांचा एक गोळा अर्धवट राहिला, तो अजून तसाच जोडलेला होता.

त्याने गोळ्याला वीज लावून पाहिली. आत जांभळी रेघ थरथरली. म्हणजे थोडा निर्वात अजून टिकून होता. म्हाताऱ्याच्या हाताचं त्याला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेघ नव्हती. अख्खा गोळा गुलाबी उजळला. हवा आणखी कमी झाली तरच असं होतं. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. निर्वात आपोआप बिघडतो, आपोआप सुधारत नाही. पाऱ्याचं भांडं खालच्या आकड्याला टांगलेलं होतं, आणि त्यावरची धूळ कोणी हलवलेली नव्हती.

संध्याकाळी बायको दारातच म्हणाली, "अहो, अप्पांचा उजवा हात हलतोय!"

ते अंग लुळं पडून दीड वर्ष झालं होतं. वाचाही तेव्हाच गेली होती. आता तो हात गादीवरून हळूहळू वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. तो आनंदाने बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर नाडी सोडून म्हणाले, "हे थांबवा. हृदयाला इतकी मेहनत झेपणार नाही."

"थांबवायचं कसं?" बायको म्हणाली. "धरायला गेलं तर मलाच उचलतात."

त्या दुपारी त्याने प्रयोगशाळेतून घरी फोन लावला. "हात कुठे आहे, सांगत राहा."

"वर गेला. आला खाली."

गोळ्यातला गुलाबी रंग फिकट झाला, म्हणजे हवा आणखी कमी झाली.

"पुन्हा वर. आला खाली."

आणखी फिकट. भांडं जागचं हललं नव्हतं.

"अहो, त्यांना दम लागलाय. ओठ निळे पडलेत."

त्याने गोळ्याची तोटी उघडली. हवा सुस्कारत आत शिरली आणि उजेड गेला.

"थांबला," बायको म्हणाली आणि रडायला लागली. "झोपले बघा."

तो घरी आला, बुटांसकट पलंगाच्या कडेला बसला. सुटलो एकदाचे, असं त्याला वाटलं.

अप्पांनी डोळे उघडले.

"हवा कोणी आत सोडली?"

आवाज स्वच्छ होता.

"आता पहिल्यापासून," अप्पा थकून म्हणाले, आणि हात वर जाऊ लागला.

तेवढाच आधार, म्हणून त्याने कोपराखाली हात घातला. भरल्या भांड्याचं वजन त्याच्या मनगटावर आलं. दात आवळून त्याने ते वर नेलं, आणि खाली आणू लागला.

"हळू," अप्पा म्हणाले. "काच फुटेल."