पतंगबाई

शेजारच्या मळ्यात जायचं सोडून ती भलत्याच फाटकातून आत शिरली आणि मन लावून काठीला सापळा टांगू लागली.

"बाई, आमच्या कोबीला फाशी देताय का?"

मागे पाण्याची नळी हातात धरून एक उंच तरुण उभा होता. डोळ्यांत नुसतं हसू! तिची बोबडीच वळली.

"पतंग... पकडायला आलेय. म्हणजे आधी सोडायला, मग पकडायला—"

"आधी सोडायचे, मग पकडायचे? सरकारी काम दिसतंय!"

ती कीटकांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं घडाघडा सांगून टाकलं. ज्या पतंगांच्या अळ्या कोबी कुरतडतात, त्यांचेच नर जनुक बदलून वाढवायचे आणि शेतात सोडायचे. शेतातल्या माद्यांशी त्यांची जोडी जमली की होणाऱ्या मुली अळी असतानाच मरतात. वंश आटतो, फवारणी वाचते.

"म्हणजे नवरदेव तुम्ही पुरवणार! मग आमच्याकडेही पाठवा की, पतंगबाई."

नाव पडलं ते पडलंच. त्यानं वडिलांच्या मागे लागून फवारणीचा पंप अडगळीत टाकायला लावला. ती दर गुरुवारी पेटी घेऊन जाऊ लागली. काम अर्ध्या तासाचं, पण परतीच्या दोन बस तरी चुकायच्याच.

चौथ्या गुरुवारी तिचं लक्ष कपाटाच्या काचेत होतं. कपाळावरची एक बट काही केल्या बसेना. उशीर झाला म्हणून हाताला लागली ती पेटी तिनं उचलली. पुढच्या आठवड्यात बघते तर त्याच्या मळ्याची पेटी वरच्या फळीवर तशीच! गेली होती ती खालची, तुलनेसाठी पाळलेल्या साध्या पतंगांची. नरही, माद्याही.

काही होणार नाही, असं स्वतःला समजावत ती गप्प बसली. तीन आठवड्यांत कोबीच्या पानांची चाळण झाली.

"चूक माझीच," तो खालच्या मानेनं म्हणाला. "चौथ्या खेपेची पेटी मी भर उन्हात उघडली. नर मेले असणार. तुमची मेहनत पाण्यात घातली... रागावलात?"

"असेल," ती म्हणाली, "तसंच असेल."

बोलली मात्र, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. पोरीनं केलेलं पाप आईच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शनिवारी मळ्यात शेजाऱ्यांची बैठक बसली. प्रयोगशाळेच्या मॅडमही आल्या होत्या. वडील सगळ्यांदेखत कडाडले, "पोराच्या नादी लागलो आणि पीक घालवून बसलो! काढा पंप बाहेर."

"बाबा, चुकलं माझं," तो म्हणाला.

तिला ऐकवेना. ती उठली.

"यांचं काही चुकलेलं नाही. पेटी मी चुकीची आणली. मला ते ठाऊक होतं. आणि यांनी दोष अंगावर घेतला तेव्हा... मी घेऊ दिला."

मॅडमनी चष्मा काढला. त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि उठून निघून गेला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

मॅडमनी दोन महिने पेट्यांना हात लावायला बंदी केली. रविवारी ती बादली घेऊन मळ्यात गेली आणि एकेक पान उलटून अळ्या वेचू लागली.

"पोरी, याची मजुरी मिळायची नाही हं," वडील म्हणाले.

"नकोच मला."

"मग त्या कडेपासून धर."

दुपारी तो शेजारच्या ओळीत येऊन बसला. बराच वेळ दोघंही अळ्याच वेचत होती.

"पेटी चुकली कशी? तुम्ही तर डोळे मिटूनही चुकत नाही."

तिची मान वर होईना. कान तापले. पण आता आणखी खोटं बोलायची तिच्यात ताकद नव्हती.

"तुमच्याकडे यायचं होतं ना... म्हणून काचेत केस नीट करत होते."

पलीकडे हात थांबले. तिनं डोळे गच्च मिटले.

"राग गेलेला नाही माझा," तो अखेर म्हणाला. आवाजात हसू दाबलेलं होतं. "पण यापुढे केस न विंचरता या, पतंगबाई. तुम्ही सुंदर दिसण्याच्या नादात माझी अख्खी कोबी जायची!"